डब्यावरचे साडेचारशे वॅट

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या वार्षिकांकात पाऊस, आई, मैत्री आणि हुंडा या विषयांवर लिहावयाचे असा एक अलिखित नियम आहे. त्या नियमाबाहेरचा विषय घेऊन मी आलो आहे, त्याबद्दल वाचकांनी, आणि विशेषतः मराठी विभागातील गुरुजनांनी, क्षमा करावी. माझा विषय आहे डेस्कटॉप संगणकाच्या पोटात बसवलेला एक पत्र्याचा डबा. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. कोणी पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घ्यावयाची आणि संगणकाला पचेल अशी १२, ५ व ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज करून द्यावयाची, एवढेच त्याचे काम. तो दिसत नाही. त्याच्यामुळे संगणक वेगाने चालत नाही. त्याच्याबद्दल कोणी कोणाजवळ फुशारकी मारीत नाही. म्हणूनच आमच्यासारखी मुले पहिली काटकसर नेमकी तिथेच करतात. ही काटकसर चुकीची आहे आणि ती आपण अज्ञानाइतकीच लाजेपोटी करतो, असे माझे मत झाले आहे. हे मत मला फुकट मिळालेले नाही. त्याचा हिशेब पुढे येईलच.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिला. आबा गवंडीकाम करतात. आई चौथी शिकलेली आहे आणि गावातल्या बारा बायकांच्या बचत गटाच्या वह्या तिच्याकडे असतात. जून २०२३ मध्ये मी प्रथम वर्षाला नाव घातले तेव्हा तिने गटातून पंधरा हजारांचे कर्ज उचलले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. हेतू असा की मी संगणक घ्यावा, गावातल्या लोकांचे अर्ज, लग्नपत्रिकांचे मजकूर, असली टंकलेखनाची कामे करावीत आणि निदान माझ्या एस.टी.च्या पासाचे तरी पैसे सुटावेत. जमलेच तर गटाचे हिशेबही त्यावर चढवावेत.

तालुक्याच्या एका दुकानात आबा आणि मी गेलो. चौथ्या पिढीचा जुना आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि नवा मॉनिटर असे ठरले. मग दुकानदाराने कॅबिनेट दाखवली. एका बाजूला काच, आत तीन पंखे, पंख्यांत रंगीत दिवे. "ही घेतली तर एसएमपीएस फुकट," तो म्हणाला. फुकट मिळणाऱ्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० असा आकडा होता. या डब्यात काय आहे, तो टिकेल का, असे विचारावे हे माझ्या मनात आले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण विचारले नाही. काउंटरवर माझ्याच वयाची दोन शहरी मुले ग्राफिक्स कार्डांची नावे फाडफाड घेत होती. आबांच्या सदऱ्यावर सिमेंट होते. विचारले आणि प्रश्न खुळचट निघाला तर आम्हा दोघांचीही शोभा होईल, असे वाटून मी गप्प राहिलो. बिलाचे विचारले तर उत्तर आले, "पक्के बिल पाहिजे तर अठरा टक्के वर पडतील, दादा." आम्ही कच्च्या चिठ्ठीवर साडेचौदा हजार मोजून घरी आलो. रात्री ते रंगीत दिवे बघायला निम्मी आळी जमली होती.

चौदा महिने सारे ठीक चालले. गटाचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब मी चढवले. बायकांना आपापल्या नावाचा छापील कागद मिळू लागला. ऑगस्ट २०२४ मधल्या एका संध्याकाळी दिवे मंद झाले, मग एकदम लख्ख झाले, पुन्हा मंद झाले. आमच्याकडे हे नेहमीचेच. संध्याकाळी व्होल्टेज पडते, शिवारातल्या मोटारी बंद झाल्या की चढते. त्या दिवशी मात्र टेबलाखाली 'फट्' असा आवाज झाला आणि जळक्या वार्निशासारखा वास खोलीभर पसरला. आमचा साठ वॅटचा बल्ब वाचला, शेजारचा टीव्ही वाचला. संगणक गेला.

एस.टी. स्टँडच्या मागे दुरुस्तीचे एक छोटे दुकान आहे. तिथल्या काकांनी तासाभरात निकाल सांगितला : एसएमपीएस जळाला आणि जाता जाता मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. प्रोसेसर आणि रॅम तेवढे शाबूत. मी म्हणालो, "काका, लोड जास्त झाला असेल." ते हसले आणि म्हणाले, "अरे, तुझ्या प्रोसेसरची गरज ८४ वॅटची. बाकी सगळे धरून दीडशेच्या आत. लोडाने नाही गेला. आत काही नव्हतेच, म्हणून गेला."

मग त्यांनी माझ्या हातात दोन डबे दिले. एक माझा, ४५० वॅटचा. दुसरा कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेल्या नामांकित कंपनीच्या संगणकाचा. त्यावर लिहिले होते फक्त २४० वॅट. २४० वॅटचा डबा माझ्या डब्याच्या जवळजवळ दुप्पट जड होता. काकांनी दोन्ही उघडले. माझ्या डब्यातल्या हिरव्या पाटीवर जागोजाग भागांची चिन्हे छापलेली होती, पण भागच नव्हते. जिथे वीज गाळून घेणारी गुंडाळी हवी तिथे उघड्या तारेचा एक तुकडा डकवून दिला होता. पाटीवर घर आखलेले, आणि घरात माणूस नाही! दुसऱ्या डब्यात भाग दाटीवाटीने बसलेले होते, आणि तो दहा वर्षे रोज आठ तास चालून शिवाय अजून जिवंत होता.

बऱ्या सप्लायला एक शहाणपण असते. आपण देतो ती वीज तो सतत मोजत असतो. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहिली पाहिजे, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये, असा त्याचा दंडक असतो. पाच टक्के खाली, पाच टक्के वर. ती फारच चढली, फारच पडली, तारा एकमेकींना चिकटल्या किंवा भार पेलेनासा झाला, तर तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे मरावयाचेच झाले तर एकटा मरतो. माझ्या डब्यात हे पहारेकरी बसवलेलेच नव्हते. बिघडलेल्या डब्याने बारा आणि पाच व्होल्टच्या तारांवरून जे सोडले ते थेट मदरबोर्डात आणि हार्ड डिस्कमध्ये शिरले. स्वस्त आणि महाग सप्लायमधला खरा फरक त्याच्या मरण्याच्या रीतीत आहे, हे मला त्या दिवशी समजले.

आता त्या ४५० च्या आकड्याकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. डब्याच्या बाजूला बारीक अक्षरांत एक कोष्टक छापलेले असते. प्रत्येक व्होल्टपुढे किती अँपिअर मिळतील ते त्यात असते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. हा गुणाकार सातवीचा मुलगाही करील. माझ्या डब्यावर १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर होते, म्हणजे १६८ वॅट. ५ व्होल्टपुढे २५ अँपिअर, म्हणजे १२५. ३.३ व्होल्टपुढे २० अँपिअर, म्हणजे ६६. किरकोळ दोन तारांचे ६ आणि १०. सगळी बेरीज ३७५. उरलेले ७५ वॅट कोठून आले हे त्या कंपनीलाच ठाऊक! शिवाय हे सगळे आकडे एकाच वेळी मिळतात असेही नव्हे. प्रामाणिक लेबलावर ५ आणि ३.३ व्होल्ट मिळून जास्तीत जास्त किती, ही वेगळी ओळ असते. माझ्या लेबलावर ती नव्हती.

यात मुख्य आकडा १२ व्होल्टचाच. आजचा संगणक जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टच्या तारेतून घेतो. प्रोसेसरही तिथूनच जेवतो आणि ग्राफिक्स कार्डही. पूर्वी असे नव्हते. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स नावाची रचना आणली त्या काळात संगणकाची भूक मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टची होती. २००० सालाच्या सुमारास प्रोसेसर १२ व्होल्टवर जेवू लागले आणि त्यांच्यासाठी चार टाचण्यांची वेगळी जोडणी आली. या गोष्टीला पंचवीस वर्षे होत आली, तरी स्वस्त डबे करणारे काही लोक तोच जुना आराखडा घासूनपुसून विकत आहेत. म्हणून त्यांच्या लेबलावर ५ व्होल्टचा आकडा गलेलठ्ठ आणि १२ व्होल्टचा रोडका असतो. ४५० वॅटच्या खऱ्या सप्लायवर १२ व्होल्टपुढे ३५ ते ३७ अँपिअर दिसतात. म्हणजे लेबलावरची एकच ओळ वाचली असती, एकच गुणाकार केला असता, तर मी फसलो नसतो. दोन वर्षे मी या कॉलेजात संहितेचे सूक्ष्म वाचन, अवतरणाचे स्पष्टीकरण वगैरे करतो आहे, आणि स्वतःच्या कर्जातून घेतलेल्या डब्यावरची चार ओळींची संहिता मी वाचली नाही.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० सालच्या निबंधाबद्दल सांगितले होते. (त्यांना पुढे २००१ मध्ये स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल मिळाले.) विषय जुन्या मोटारींच्या बाजाराचा. विकणाऱ्याला माल कसा आहे ते ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा सगळ्यांनाच सारखा भाव देऊ लागतो. मग चांगला माल विकणाऱ्याला परवडत नाही, तो बाजारातून उठतो, आणि शेवटी बाजारात खराब मालच उरतो. निबंध वाचनालयातून मिळवून वाचला तेव्हा त्यात मोटारींच्या जोडीला आपल्याकडचा तांदूळ सापडला. भारतातल्या बाजारात तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि गृहिणीला ते निवडत बसावे लागते, असे ॲकरलॉफ यांनी उदाहरण दिले आहे. मी ते आईला वाचून दाखवले. ती त्या वेळी सूप घेऊनच बसली होती. म्हणाली, "हे कळायला त्यास्नी एवढं शिकावं लागलं व्हय?"

एसएमपीएसचा बाजार तंतोतंत असाच आहे. पाचशे-सहाशे रुपयांचा डबा आणि दोन-अडीच हजारांचा डबा बाहेरून सारखे दिसतात. दोघांवरही ४५० लिहिलेले असते. दुकानदाराने प्रामाणिक माल ठेवला तर शेजारचा त्याच आकड्याचा डबा चौथाई किमतीत देतो. गिऱ्हाईक आकडा बघते आणि शेजारी जाते. तेव्हा सगळा दोष दुकानदारांवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. आम्ही गिऱ्हाइकांनी सूप हातात घेतले नाही, हाही त्यातला भाग आहे.

पण मग निवडावयाचे कसे? माझ्या तुटपुंज्या अनुभवावरून आणि त्या काकांच्या शिकवणुकीवरून सांगतो. चिन्हांवर आंधळा विश्वास नको, पण चिन्हे वाचावीत. '८० प्लस' नावाची एक परीक्षा २००४ पासून आहे. सप्लायने घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के पुढे पोचवली तर तो उत्तीर्ण. ब्रॉन्झवाला अर्ध्या भारावर ८५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि वर सोने, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. दुकानदार हे वीजबिलाच्या बचतीसाठी सांगतात. मी हिशेब केला. माझ्यासारख्या शंभर वॅटच्या वापरात, रोज चार तास धरले, तर ८० आणि ८५ टक्क्यांमधला फरक वर्षाला अकरा युनिटांच्या आसपास पडतो. तेवढ्यासाठी हजार रुपये जास्त देणे म्हणजे खुळेपणा. ब्रॉन्झचे मोल दुसरे आहे : ८० टक्क्यांची परीक्षा पास होणारा आराखडा अगदीच उघड्या तारेच्या तुकड्यांवर उभा करता येत नाही. मात्र ही परीक्षा काटकसरीची आहे, सुरक्षिततेची नव्हे. ती सुमारे २३ अंशांच्या थंड खोलीत घेतात. आमच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये काय होते ते परीक्षकांनी पाहिलेले नाही. त्यामुळे पूर्ण वॅट किती उष्णतेपर्यंत मिळतील (४० अंश की ५० अंश) हे ज्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असेल तो घ्यावा. आणि बिल्ला तर कोणीही छापील. ज्यांनी परीक्षा दिली त्यांची यादी जाहीर असते, त्यात नाव बघावे. तसेच भारतीय मानक ब्युरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक डब्यावर असेल तर ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो घालून पाहता येतो. दोन मिनिटांचे काम आहे.

मागच्या बाजूला ११५ आणि २३० असे लिहिलेली लाल सरकपट्टी दिसली तर आराखडा बहुधा जुना आहे असे समजावे. नवे चांगले सप्लाय १०० ते २४० व्होल्ट आपले आपण ओळखतात. त्यांना ही पट्टी लागत नाही, आणि पडत्या व्होल्टेजला तेच जास्त तग धरतात. आमच्या वर्गातल्या एकाच्या धाकट्या भावाने ती पट्टी बोटाने सहज ११५ वर सरकवली आणि बटण दाबले. त्यांच्याकडचा 'फट्' माझ्यापेक्षा मोठा होता म्हणतात.

नावाजलेली कंपनी घ्या, असे सरसकट सांगतात. ते निम्मे खरे आहे. कॉर्सेअरसारखी प्रसिद्ध कंपनीसुद्धा सप्लाय स्वतः तयार करीत नाही. सीसॉनिक, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल अशा कारखानदारांकडून वेळोवेळी करवून घेत आली आहे. तेव्हा एकाच नावाचा एक नमुना उत्तम आणि दुसरा बेतास बात असू शकतो. नावापेक्षा १२ व्होल्टची ओळ, संरक्षणांची यादी आणि हमीची वर्षे बघावीत. तीन वर्षे हमी देणाऱ्याला निदान तीन वर्षांची भीती असते. हमीसाठी पक्के बिल लागते, हे मी आता स्वानुभवाने सांगू शकतो.

उलट्या बाजूचा खुळेपणाही आहे. कोणी सांगितले म्हणून साध्या टंकलेखनाच्या संगणकाला ७५० वॅटचा सप्लाय घेणारे महाभाग मला माहीत आहेत. ज्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लावावयाचे नाही त्याला प्रामाणिक ३५०-४०० वॅट भरपूर होतात.

माझ्या एका मित्राचा यावर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणतो, "तुझे सगळे खरे. पण ज्याच्याजवळ पाचशेच रुपये आहेत त्याने काय करावयाचे? हे तत्त्वज्ञान दोन हजारवाल्यांचे." आक्षेप वर्मी लागणारा आहे. पण माझ्या साडेचौदा हजारांत त्या कॅबिनेटचेच तीन हजार होते! काच, तीन पंखे, दिवे. बाराशेची साधी पत्र्याची कॅबिनेट घेतली असती तर अठराशे सुटले असते आणि बरा सप्लाय त्याच पैशात बसला असता. पैसे होते, ते दिसणाऱ्या वस्तूत गेले. आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या धंद्यात बी त्येच हाय. मालक फरशीला पैसं देतो, पायाला द्यायचं म्हटलं की त्याचा हात आखडतो." आणि ज्याच्याजवळ खरेच पैसे नाहीत त्याला माझा सल्ला असा की जोडून घेतलेल्या संगणकाच्या नादी न लागता ऑफिसातून निघालेला नामांकित कंपनीचा जुना संगणक सबंध घ्यावा. त्यातला २४० वॅटचा सप्लाय खरोखर २४० वॅटचा असतो. एकच अडचण : त्यांच्या जोडण्या पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या असतात, त्यामुळे पुढेमागे बाजारचा सप्लाय बसत नाही. ती अडचण पत्करूनही तो सौदा मला बरा वाटतो.

मी स्वतः काय केले ते सांगतो. पुण्याला बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो. या वेळी आबा नव्हते आणि लाजही घरी ठेवली होती. पहिल्या दुकानात लेबल दाखवा म्हणालो तर विक्रेता म्हणाला, "लेबल काय बघतोस, माल चांगला आहे." मी निघालो. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने निमूटपणे चार खोकी समोर मांडली आणि मी कागदावर गुणाकार करीत उभा राहिलो. मागे माणसे खोळंबली होती. खोळंबू दिली. १२ व्होल्टपुढे ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट, तीन वर्षांची हमी, पक्के बिल, दोन हजार तीनशे पन्नास रुपये. त्यावर जुना मदरबोर्ड अठ्ठावीसशेला आणि हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी चौदाशेला. एकूण सहा हजार पाचशे पन्नास. 'फुकट' डब्याची ही किंमत.

घरी आणून जोडला, चालू केला, आणि थोड्या वेळाने आबांनी कॅबिनेटला हात लावून झटक्यात मागे घेतला. "पोरा, ह्यो नवा डबा मुंग्या आणतोय की! जुना कदी शॉक देत नव्हता." माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल. तेवीसशे रुपये देऊन मी शॉक विकत आणला होता!

काकांना फोन केला. त्यांचे स्पष्टीकरण ऐकून मी थक्क झालो. चांगल्या सप्लायच्या तोंडाशी वीज गाळण्याची व्यवस्था असते आणि तिच्यातून अगदी थोडी वीज डब्याच्या पत्र्यावर उतरते. ती प्लगच्या तिसऱ्या, जाड टाचणीतून जमिनीत जावी अशी योजना असते. घराला अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण निम्म्या दाबावर, शंभरेक व्होल्टांवर, तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे नुसत्या मुंग्या येतात. जुन्या डब्यात गाळणीच नव्हती, म्हणून तो गुण्यागोविंदाने वागत होता. म्हणजे चोर गप्प होता आणि सज्जन तक्रार करीत होता. आमच्या सॉकेटला तिसरे भोक होते; त्यामागे तार नव्हती. घर बांधले तेव्हापासून नव्हती, आणि ते घर खुद्द आबांनी बांधलेले आहे.

वायरमनने सुचवले की सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून टाकू, पाच मिनिटांत काम. काकांनी फोनवरच ओरडून मना केले. कधी न्यूट्रल तुटला तर सबंध कॅबिनेट २३० व्होल्टवर उभी राहील आणि मग मुंग्या येणार नाहीत, माणूस जाईल. मग आबांनी एका रविवारी परसात पुरुषभर खोल खड्डा काढला. लोखंडी नळी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरले, तोंडाशी विटांचा हौद करून वर झाकण बसवले. वायरमनने तिथून तार घरात आणली. गावातल्या घरात माझ्या माहितीतले हे पहिले अर्थिंग असेल. पावसाळा सरला की त्यात बादलीभर पाणी ओतावे लागते. ते काम आई तुळशीला पाणी घालतानाच करते.

गटाचे हिशेब मात्र परत आले नाहीत. जळालेल्या डिस्कमधून मजकूर काढून देणारे लोक पुण्यात आहेत, पण त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी फोन ठेवला. सुदैवाने आईने मूळ वह्या जपून ठेवल्या होत्या. छापील कागदावर तिचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत अकरा दिवस आम्ही दोघे रात्री बसलो. ती बोट ठेवून आकडे वाचायची, मी चढवायचो. तिसऱ्या रात्री तिने मला थांबवले. एका बाईच्या खात्यात दोनशे रुपयांची चूक निघाली. माझी नव्हे, तिची, तीन वर्षांपूर्वीची. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्या बाईकडे जाऊन पैसे देऊन आली. आता दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून मी तिच्या ट्रंकेत ठेवतो.

गेल्या महिन्यापासून वर्गातली मुले मला लेबलांचे फोटो पाठवू लागली आहेत. पाठवावेत, मला त्याचा त्रास नाही. परवा आलेल्या फोटोत डब्यावर ६०० वॅट असे सोनेरी अक्षरांत होते आणि १२ व्होल्टपुढची जागा कोरीच सोडलेली होती. मी त्याला दुकानातूनच फोन करायला सांगितले आणि दुकानदाराशी बोललो. तो म्हणाला, "आजवर कोणी विचारलेच नाही." मुलाने दुसरा डबा घेतला. गटाच्या कर्जाचे आमचे चार हप्ते अजून राहिले आहेत.